आकाशातून भूमापन : हवाई लेसर पाहणी आणि प्रकल्पांची आखणी

धरण असो, पाट असो, रस्ता असो की लोहमार्ग असो, प्रकल्पाचा पहिला प्रश्न एकच असतो : ही जमीन किती उंच आहे आणि ती कोणत्या दिशेस उतरते? जमिनीची लांबी-रुंदी डोळ्यांना दिसते, साखळीने मोजताही येते. उतार मात्र डोळ्यांना फसवितो. सपाट वाटणाऱ्या माळावर पहिल्या पावसाचे पाणी भलत्याच बाजूस वाहू लागते, तेव्हा त्या मातीत जन्म काढलेला शेतकरीही क्षणभर चकित होतो.

हा प्रश्न किती नाजूक आहे हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. एखाद्या कालव्याच्या तळास पाच हजार मीटरांमागे एक मीटर एवढा उतार दिला आहे असे समजू. म्हणजे एक किलोमीटर अंतरात पाण्याला मिळणारा उतार केवळ २० सेंटिमीटरांचा, जेमतेम वीतभर झाला. जमिनीची उंची मोजताना एवढीच चूक झाली तर त्या किलोमीटरात पाणी पुढे सरकणार नाही. शेवटच्या शेतकऱ्यास पाणी न पोहोचण्याची कारणे अनेक असतात, परंतु त्यांपैकी एक कारण असे कागदावरच जन्माला आलेले असू शकते. दुसरे उदाहरण बंधाऱ्याचे. नदीकाठची जमीन हजार मीटरांमागे एक मीटर चढत असेल आणि उंचीच्या मोजणीत अर्ध्या मीटरची चूक राहिली, तर बुडीत क्षेत्राची सीमा पाचशे मीटर मागे-पुढे सरकते. पाचशे मीटरांत एखादी वस्ती, शाळा, स्मशानभूमी, चार-दोन विहिरी सहज मावतात.

आतापर्यंत नियोजनकारांच्या हाती काय होते? भारतीय सर्वेक्षण विभागाचे, अर्थात सर्व्हे ऑफ इंडियाचे, एकास पन्नास हजार प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे हे आपल्या देशातील प्राथमिक आखणीचे मुख्य साधन राहिले आहे. १७६७ साली स्थापन झालेल्या या विभागाचे काम अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमधील अंतर सामान्यतः २० मीटर. दोन रेषांच्या दरम्यान जमीन कशी आहे, तेथे ओघळ आहे की उंचवटा, हे नकाशा सांगत नाही. उपग्रहांमुळे परिस्थिती सुधारली. २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ या भारतीय उपग्रहाच्या छायाचित्रांवरून देशाचे उंचीदर्शक प्रतिमान तयार झाले. तरी त्यातही काही मीटरांची चूक संभवते, आणि दाट झाडी असेल तेथे नोंदली जाते ती झाडांच्या शेंड्यांची उंची. पाणलोटाचा स्थूल विचार करण्यास ते पुरेसे आहे, पाट काढण्यास नाही.

मग उरतो तो जुना, विश्वासू मार्ग. मोजणीचा स्टाफ उभा करावयाचा, डंपी लेव्हलच्या दुर्बिणीतून आकडा वाचावयाचा, पुढे सरकावयाचे. या पद्धतीने काढलेली उंची अत्यंत अचूक असते, आणि आजही तिला पर्याय नाही हे पुढे दिसेलच. परंतु शेकडो किलोमीटरांच्या पट्ट्यातील प्रत्येक ओढा, बांध आणि टेकाड अशा रीतीने मोजावयाचे म्हटले तर महिन्यांमागून महिने जातात. नेमकी हीच अडचण हवाई लेसर पाहणीने दूर केली आहे. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘लायडर’ असे नाव पडले आहे, आणि कार्यालयीन पत्रव्यवहारात आता हाच शब्द रूढ होत आहे.

प्रकाशाची साखळी

या पद्धतीचे तत्त्व समजण्यास विज्ञानाची पदवी लागत नाही. कला शाखेतून आलेल्या प्रस्तुत लेखकास ते समजले, यावरून वाचकांनी निश्चिंत व्हावे. डोंगरासमोर उभे राहून हाक दिली आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला ते मोजले, तर डोंगर किती दूर आहे हे काढता येते. लायडरमध्ये हाकेच्या जागी लेसर प्रकाशाचा अत्यंत अल्पकाळ टिकणारा एक ठिपका असतो. विमानाच्या किंवा हेलिकॉप्टरच्या पोटाशी बसविलेले यंत्र तो खाली सोडते, जमिनीवर आपटून तो परततो आणि गेल्या-आल्याचा वेळ नोंदला जातो. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर असल्यामुळे एक हजार मीटर उंचीवरून जाऊन येण्यास त्याला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम सहा-सात पट एवढाच अवधी लागतो. सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाची चूक झाली तर उंचीत १५ सेंटिमीटरांचा फरक पडतो. तेव्हा या यंत्रातील घड्याळ कोणत्या तोलाचे असले पाहिजे याची कल्पना करता येईल.

लेसरचा शोध १९६० सालचा. अकराच वर्षांनी, १९७१ मध्ये, अपोलो-१५ यानाने चंद्राभोवती फिरताना त्याचा उपयोग चंद्रावरील उंच-सखलपणा मोजण्यासाठी केला. २००८ मध्ये आपल्या चांद्रयान-१ वरही असेच एक उपकरण होते. चंद्राची उंची मोजणे काही अंशी सोपे म्हणावे लागेल, कारण तेथे झाडे नाहीत, ढग नाहीत, आणि सातबारा तर नाहीच.

परंतु केवळ अंतर कळून भागत नाही. प्रकाश सोडला त्या क्षणी विमान नेमके कोठे होते आणि ते कोणत्या बाजूस, किती कलले होते, हेही ठाऊक असावे लागते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर उपग्रहांच्या साहाय्याने स्थान सांगणारे यंत्र देते. जमिनीवरील ज्ञात स्थानी तसेच दुसरे यंत्र चालू ठेवून विमानातील यंत्राच्या चुका दुरुस्त केल्या जातात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर विमानाच्या प्रत्येक झोल्याची नोंद ठेवणारे एक संवेदनशील उपकरण देते. या उपकरणाचे महत्त्व कमी लेखू नये. एक हजार मीटर उंचीवरून एका अंशाच्या शंभराव्या भागाएवढी जरी कोनाची चूक झाली, तरी जमिनीवरील बिंदू १७ सेंटिमीटर बाजूला सरकतो. लेसर, स्थानदर्शक आणि कलदर्शक ही तीन यंत्रे एकाच घड्याळावर चालली तरच मोजणी खरी ठरते.

आता या ठिपक्यांची संख्या पाहा. यंत्रातील आरसा हलता असल्याने प्रकाश उड्डाणाच्या दिशेस आडवा, डावीकडून उजवीकडे झाडल्यासारखा फिरतो. विमान सेकंदास ६० मीटर पुढे जात आहे, खालचा एक किलोमीटर रुंदीचा पट्टा झाडला जात आहे आणि यंत्र सेकंदास तीन लाख ठिपके सोडत आहे असे धरले, तर दर चौरस मीटरास पाच बिंदू पडतात. आपल्या परिचयाच्या भाषेत सांगावयाचे तर एका गुंठ्यात सुमारे पाचशे बिंदू, आणि एकरात वीस हजार! प्रत्येक बिंदूचे स्थान व उंची स्वतंत्रपणे नोंदलेली असते. संगणकाच्या पडद्यावर हे कोट्यवधी बिंदू एकत्र दिसतात तेव्हा त्यांतून गाव, झाडी, विजेच्या तारा, नदीच्या दरडी यांचा आकार धुक्यातून उमटावा तसा उमटतो. या संचास ‘बिंदुमेघ’ असे समर्पक नाव आहे.

झाडीखालची जमीन

लायडरचे खरे सामर्थ्य मात्र येथून पुढे सुरू होते. हजार मीटर खाली पोहोचेपर्यंत प्रकाशाचा ठिपका पसरून पाव ते अर्धा मीटर व्यासाचा होतो. तो झाडावर पडला की त्याचा काही भाग शेंड्याच्या पानांवरून परततो, काही भाग मधल्या फांदीवरून, आणि उरलेला पानांच्या फटींतून खाली जाऊन जमिनीवरून. एकाच ठिपक्याचे असे दोन, तीन, चार प्रतिध्वनी यंत्र वेगवेगळे नोंदविते. पहिल्या प्रतिध्वनींवरून झाडे-इमारतींसह वरचा पृष्ठभाग मिळतो, तर शेवटच्या प्रतिध्वनींतून काळजीपूर्वक निवड करून उघडी जमीन. झाडांची उंची हवी असेल तर पहिल्यातून दुसरी वजा करावयाची.

कॅमेऱ्याने काढलेल्या हवाई छायाचित्रात हे साधत नाही. छायाचित्रात जे दिसते तेवढेच मोजता येते, आणि रानात दिसतात ती पाने. म्हणून लायडरची आणि ड्रोनद्वारे होणाऱ्या गावठाण मोजणीची गल्लत करू नये. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ज्या गावठाण मोजणीचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० पासून ‘स्वामित्व’ योजनेच्या रूपाने जी सुरू झाली, तिच्यात ड्रोनवरील कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली जातात आणि घरांच्या हद्दींच्या नोंदी ग्रामस्थांसमक्ष निश्चित होतात. त्या कामाचा हेतू मालमत्तेचा अभिलेख तयार करणे हा आहे. लायडर पाहणीचा हेतू जमिनीचा आकार जाणणे हा आहे. ड्रोनवर लेसर यंत्रही बसविता येते, त्यामुळे आकाशात ड्रोन दिसला एवढ्यावरून कोणती मोजणी चालू आहे हे ओळखता येत नाही. ते विचारावेच लागते.

लोहमार्गाचे उदाहरण

महाराष्ट्राशी थेट संबंध असलेले सर्वांत ठळक उदाहरण मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे आहे. ५०८ किलोमीटरांचा हा मार्ग महाराष्ट्र, दादरा व नगर हवेली आणि गुजरात यांमधून जातो. त्याचे १५६ किलोमीटर आपल्या राज्यात असून मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर ही येथील चार स्थानके होत. भारतातील लोहमार्गाच्या कामासाठी हवाई लायडर पाहणी प्रथम वापरली गेली ती याच मार्गावर. नेहमीच्या पद्धतीने ज्या भूमापनास दहा ते बारा महिने लागले असते, ते बारा आठवड्यांत पुरे झाले. पुढे जानेवारी २०२१ मध्ये दिल्ली–वाराणसी आणि मार्च २०२१ मध्ये मुंबई–नाशिक–नागपूर या प्रस्तावित मार्गांसाठीही अशा पाहणीची उड्डाणे झाली.

या पाहण्यांची रीत समजून घेण्याजोगी आहे. नियोजित रेषेच्या दोन्ही बाजूंस दीडशे-दीडशे मीटर, म्हणजे एकूण ३०० मीटर रुंदीचा पट्टा लेसरने टिपला जातो. सोबत उच्च क्षमतेचा कॅमेराही असतो, कारण लेसरला उंची कळते पण वस्तू ओळखता येत नाही. मिळालेल्या माहितीवरून रेषेच्या दोन्ही बाजूंस ५० मीटरपर्यंतचा, एकास अडीच हजार प्रमाणाचा त्रिमितीय नकाशा तयार होतो. त्यावर मार्गाची आडवी व उभी आखणी, पुलांच्या जागा, स्थानके व आगारांच्या जागा, लागणारी जमीन आणि बाधित होणारी घरे-भूखंड निश्चित करता येतात.

या कामात वेळ वाचला याचेच कौतुक अधिक झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते मोठा लाभ दुसराच आहे. पूर्वी मोजणीच एवढी खर्चिक व वेळखाऊ असे, की एक रेषा ठरवून तिचीच मोजणी होई, आणि एकदा खुंट्या रोवल्या गेल्या की ती रेषा बदलणे कोणाच्याही जिवावर येई. आता पट्ट्यातील सर्व जमीन एकदाच मोजलेली असल्यामुळे अभियंत्यास कार्यालयात बसून पाच-सहा पर्यायी रेषा तपासता येतात : ही घेतली तर भराव किती, ती घेतली तर खोदाई किती, आणि कोणत्या रेषेने गावची विहीर वाचते. रेषा अद्याप हलू शकते असा हा काळ असतो. स्थानिक मंडळींनी बोलावयाची वेळही तीच आहे. काम सुरू झाल्यावर आलेले निवेदन कितीही न्याय्य असले तरी तोवर पुलाचा पाया खणला गेलेला असतो.

वनांतील पाणलोट

दुसरे उदाहरण ग्रामीण वाचकांस अधिक जवळचे वाटेल. केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये वॅपकॉस या केंद्र सरकारच्या उपक्रमाकडे २६ राज्यांतील २ लाख ६१ हजार ८९७ हेक्टर वनक्षेत्राची लायडर पाहणी सोपविली. वनांत पाणी व चारा वाढावा, वन्य प्राण्यांना गावाकडे येण्याचे कारण उरू नये आणि भूजलाची पातळी उंचवावी, असा तिचा उद्देश होता. प्रत्येक राज्यात सरासरी दहा हजार हेक्टरांचा एक मुख्य डोंगरकणा निवडण्यात आला. १७ जून २०२१ रोजी पहिल्या दहा राज्यांचे सविस्तर प्रकल्प अहवाल प्रसिद्ध झाले. त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही राज्ये होती.

या कामी लायडरच का, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की रानात ओघळ झाडीने झाकलेला असतो आणि उपग्रहाच्या प्रतिमेत तो सापडत नाही. उघड्या जमिनीचे प्रतिमान हाती आले म्हणजे संगणक प्रत्येक थेंबाची वाट काढून देतो. कोणत्या घळीत किती हेक्टरांचे पाणी येते, ती कोठे अरुंद होते, कोठे उतार मंदावतो, हे कळल्यावर घळबंदी कोठे, गॅबियन बंधारा कोठे, पाझर तलाव कोठे आणि शेततळे कोठे हे जागेवर जाण्यापूर्वीच बऱ्याच अंशी ठरविता येते. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे हे तत्त्व आपल्याकडील कार्यकर्त्यांनी कितीतरी आधी सांगितले आणि करूनही दाखविले. लायडरने त्याला एक बारीक नकाशा पुरविला आहे. मात्र घळीच्या तळाशी कातळ आहे की मुरूम, पाणी मुरेल की पाझरून निघून जाईल, हे लेसरला कळत नाही. त्यासाठी खड्डा घ्यावाच लागतो.

दरडींच्या जुन्या खुणा

घाटमाथ्याच्या आणि कोकणच्या दृष्टीने या पद्धतीचा आणखी एक उपयोग आहे, आणि त्याकडे केवळ प्रकल्पाच्या सोयीच्या दृष्टीने पाहता येणार नाही. जेथे पूर्वी कधी काळी दरड कोसळलेली असते तेथे जमिनीस विशिष्ट आकार येतो : वर अर्धवर्तुळाकार कडा, खाली उबदार गोधडी चुरगळावी तसा फुगवटा. शंभर-दोनशे वर्षांत तेथे रान माजते आणि खूण दिसेनाशी होते. उघड्या जमिनीच्या लेसर नकाशात ती पुन्हा स्पष्ट होते.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ओसो या वस्तीजवळ २२ मार्च २०१४ रोजी डोंगर कोसळून ४३ माणसे दगावली. त्या दरीची लेसर पाहणी दुर्घटनेपूर्वीच झालेली होती आणि तिच्यात जुन्या दरडींचे आकार दरीच्या दोन्ही अंगांस उघड दिसत होते. नकाशा होता, परंतु तो वस्तीच्या निर्णयापर्यंत पोहोचला नव्हता. पुढील वर्षी त्या राज्याच्या विधिमंडळाने लेसर पाहणी आणि दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे करण्याचे काम कायद्याने राज्याच्या भूविज्ञान यंत्रणेवर सोपविले. त्याच वर्षी, ३० जुलै २०१४ रोजी, आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. लेसर नकाशा दरड केव्हा कोसळेल हे सांगत नाही. मुसळधार पाऊस, खडकाची झीज, उतारावरील खोदाई यांचा विचार भूवैज्ञानिकांनी स्वतंत्रपणे करावयाचा असतो. परंतु पुनर्वसनासाठी किंवा नव्या शाळेसाठी जागा निवडताना ती जागा एखाद्या जुन्या दरडीच्या पोटावर तर नाही ना, एवढे तरी त्यावरून पाहता येते. डोंगराळ तालुक्यांत हा उपयोग लोहमार्गापेक्षाही आधी व्हावा असे वाटते.

पद्धतीच्या मर्यादा

आता थोडे दुसऱ्या बाजूने. या पाहणीसाठी सामान्यतः वापरला जाणारा अवरक्त प्रकाश पाण्यात शिरला की शोषला जातो. त्यामुळे भरलेली विहीर, तळे, नदीचा डोह नकाशात कोऱ्या भोकासारखे दिसतात आणि त्यांची खोली कळत नाही. उथळ व स्वच्छ पाण्याचा तळ मोजणारे हिरव्या प्रकाशाचे यंत्र वेगळे असते, आणि आपल्या पावसाळी नद्यांच्या गढूळ पाण्यापुढे तेही हतबल होते. ढग व दाट धुके यांतून लेसर जात नाही. म्हणून पावसाळा गेल्यावर, आणि शक्य तर पानगळ झाल्यावर, उड्डाण करावे हे उत्तम. सागाच्या रानात फेब्रुवारीनंतर लख्ख जमीन दिसते. सह्याद्रीच्या सदाहरित रानात मात्र जमिनीपर्यंत फारच थोडे किरण पोहोचतात. तोडणीस आलेल्या उसाच्या फडाची गोष्ट तशीच. तेथे नकाशातील ‘जमीन’ ही पाचटाच्या वर हातभर तरंगत असण्याचा संभव असतो, आणि नेमका ऊस पाटाकाठीच असतो.

अचूकतेविषयीही अवास्तव कल्पना नसावी. उघड्या, कठीण जमिनीवर हवाई लायडरची उंची सुमारे १० सेंटिमीटरपर्यंत बिनचूक धरता येते. रस्त्याच्या आखणीस, बुडीत क्षेत्राच्या अंदाजास, पूररेषेच्या अभ्यासास ती पुरेशी आहे. परंतु लेखाच्या आरंभी सांगितलेल्या, किलोमीटरास वीतभर उतरणाऱ्या कालव्याचा तळ केवळ तिच्या भरवशावर काढता येणार नाही. अंतिम आखणीस डंपी लेव्हल किंवा तिची आधुनिक वारसदार यंत्रे हवीतच.

आणखी एक बाब तांत्रिक असली तरी नमूद करणे आवश्यक आहे. उपग्रहांवरून मिळणारी उंची ही समुद्रसपाटीपासूनची नसते. ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून मोजलेली असते. या दोहोंतील फरक दक्षिण भारतात तर साठ-सत्तर मीटरांहूनही अधिक आहे. सर्वेक्षण विभागाच्या तलचिन्हांशी जुळवून हा फरक काढून टाकल्यावरच नकाशातील आकडा धरणाच्या किंवा पुलाच्या आकड्याशी ताडता येतो. दोन खात्यांचे आकडे जुळत नसतील तर आधी हे तपासावे.

यासाठीच पाहणीपूर्वी जमिनीवर ठिकठिकाणी खुणा केल्या जातात : रस्त्यावर पांढरा रंग, माळावर खुंटी किंवा सिमेंटचा लहान ठोकळा. त्यांचे स्थान व उंची अचूक मोजलेली असते आणि विमानाने केलेली मोजणी त्यांवरून पडताळली जाते. उड्डाण होण्यापूर्वी अशी खुंटी उपटली गेली तर तेथील पडताळणीच नाहीशी होते. सरपंच व शिक्षक यांनी ही गोष्ट गावात समजावून सांगितल्यास मोठे साहाय्य होईल. लेसरने डोळ्यांस, गुरांस किंवा पिकास अपाय होतो काय, अशीही शंका विचारली जाते. ठरवून दिलेल्या किमान उंचीवरून उड्डाण केले असता जमिनीवर पोहोचणारा प्रकाश निरुपद्रवी असतो.

नकाशात नसलेली माहिती

बिंदुमेघात मालकाचे नाव नसते. गट क्रमांक, वहिवाट, सामायिक विहिरीतील हिस्सा, गावदेवीची राई, गायरानातून जाणारी गुरांची वाट, यांपैकी काहीही लेसरला दिसत नाही. हवाई पाहणी म्हणजे भूसंपादन नव्हे. संपादनासाठी कायद्याने सांगितलेली अधिसूचना, हरकती, सुनावणी आणि जागेवर जाऊन होणारी संयुक्त मोजणी या सर्व पायऱ्या स्वतंत्रपणे पार पाडाव्या लागतात. पाहणी झालेला प्रत्येक मार्ग बांधला जातो असेही नाही. हेलिकॉप्टर दिसताच जमिनीचे व्यवहार घाईने करणाऱ्यांनी आणि करावयास लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

पुराचे पाणी कोणत्या साली मारुतीच्या पारापर्यंत आले, कोणत्या ओढ्याने पात्र बदलले, कोणती विहीर मे महिन्यातही आटत नाही, हे ज्ञान गावातील वृद्धांकडे असते. लायडरचा नकाशा हाती असेल तर या आठवणीस एकाएकी फार मोठे मोल येते. पाराच्या पायरीची उंची नकाशावरून वाचावयाची, त्या पातळीस पाणी पसरविले तर कोणती घरे भिजतात ते पाहावयाचे. पूररेषेच्या गणितास याहून चांगली कसोटी मिळणे कठीण. नेदरलँड्समध्ये सुमारे एक-चतुर्थांश भूभाग समुद्रसपाटीखाली आहे. त्या देशाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातच संपूर्ण देशाची लेसर मोजणी हाती घेतली आणि ती माहिती आज कोणाही नागरिकास विनामूल्य पाहता येते.

आपल्याकडे नकाशांविषयीचे निर्बंध दीर्घकाळ कडक होते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते पुष्कळसे सैल केले आणि भारतीय संस्थांना सूक्ष्म मोजणी करण्याची व नकाशे तयार करण्याची मोकळीक दिली. २८ डिसेंबर २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणाने २०३० पर्यंत देशाचे उच्च अचूकतेचे उंचीदर्शक प्रतिमान तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे : मैदानी प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर, डोंगराळ प्रदेशासाठी एक ते तीन मीटर. आपल्या परिसरात एखाद्या प्रकल्पासाठी अशी पाहणी झाली असेल, तर प्रकल्प यंत्रणेकडून तिचा गावापुरता उतारा, समोच्च रेषांसह, मागण्यास ग्रामपंचायतीने संकोच करू नये. पाहणी कोणत्या महिन्यात झाली, त्या वेळी शेतात कोणते पीक उभे होते, उंची कोणत्या तलचिन्हाशी जुळविली आहे आणि गावातील किती ठिकाणी ती प्रत्यक्ष पडताळली गेली, हे चार प्रश्न सोबत विचारावेत. उतारा मिळाल्यावर तो शाळेच्या भिंतीवर लावून ओढे, विहिरी व वाटा यांची स्थानिक नावे मुलांकडून त्यावर लिहवून घेता येतील. प्रकल्पाच्या सुनावणीस जाताना तोच कागद सोबत न्यावा.